तळ्याचा केआरए

मार्च महिना आला की माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींचे चेहरे सारखेच दिसायला लागतात. कॉफी प्यायला भेटलं तरी विषय एकच. अप्रेझल! कुणाचं टार्गेट हुकलेलं, कुणाचं गाठलेलं पण बॉसच्या लक्षात न आलेलं. आणि एखाद्याला तर वर्ष संपताना कळलेलं असतं, की आपलं टार्गेट नक्की काय आहे हेच आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी पडले फ्रीलान्सर. मला ना बॉस, ना अप्रेझल. (ना पगार, पण ते जाऊ दे.) त्यामुळे या गप्पांमध्ये मी आपली मान डोलवते आणि दुसऱ्याच्या प्लेटमधले फ्राइज संपवते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मात्र माझंही अप्रेझल झालं. एसी मीटिंग रूममध्ये नाही, तर तळ्याच्या काठावर, भर उन्हात. ते केलं मासे पकडणाऱ्या एका मामांनी. आणि रेटिंग? सांगते, सगळं सांगते.

आमच्या घरामागे एक तळं आहे. कुठलं ते सांगत नाही, कारण तुमच्याही घरामागे असंच एक असण्याची दाट शक्यता आहे. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये ते निळंशार होतं. ‘लेक व्ह्यू’ म्हणून स्क्वेअर फुटामागे जास्तीचे पैसेही मोजले लोकांनी. ताबा मिळेपर्यंत व्ह्यू हिरवा झाला होता. गालिचा अंथरावा तशी या काठापासून त्या काठापर्यंत जलपर्णी. पुण्यात जलपर्णी, कोल्हापुरात केंदाळ, नाशिकला पानवेली. नावं वेगळी, ताप एकच. जाड गुळगुळीत पानं, फुगीर देठ आणि वर सुंदर जांभळी फुलं. लांबून बघितलं तर मोबाइलचा वॉलपेपर करावा असं दृश्य. जवळ गेलं की नाकाला रुमाल.

तर गेल्या वर्षी जानेवारीत आमच्या ग्रुपने नव्या वर्षाचा संकल्प केला. तळं साफ करायचं! पहिल्या रविवारी साठ जण जमले. ग्लोव्हज, टोप्या, एकाने तर खास टी-शर्ट छापून आणलेले. तीन तास आम्ही चिखलात उभं राहून जलपर्णी ओढली. घाटाजवळचा कोपरा चक्क मोकळा झाला. काठावर ढीग, ढिगासमोर ग्रुप फोटो, मग मिसळ. दुपारी घरी आले आणि हात दुखत असतानाच लेख लिहून टाकला. मथळा होता, ‘तळ्याने घेतला मोकळा श्वास’. छापूनही आला. आता आम्ही दर रविवारी येणार, असं मी त्यात ठणकावून सांगितलं होतं.

दर रविवार चार रविवार टिकला. साठाचे पंचवीस झाले, पंचवीसाचे अकरा, मग पाच. मग कुणाचं लग्न, कुणाचं ऑनसाइट, कुणाची क्वार्टर एंड. फेब्रुवारीत कुणीच गेलं नाही.

मार्चमध्ये सहज चक्कर मारायला गेले, तर कोपरा पुन्हा हिरवागार. जणू आम्ही कधी आलोच नव्हतो. काठावर तेच मामा बसले होते, जे जानेवारीत आम्हाला ट्यूबवर बसून मदत करत होते. ट्रकची फुगवलेली ट्यूब हीच त्यांची होडी. त्यांच्या शेजारी नवंकोरं निळं जाळं घडी करून ठेवलेलं.

‘‘काय मामा, आज मासे नाही?’’ मी विचारलं.

‘‘कुठं टाकू जाळं? पाल्यावर?’’ ते म्हणाले. मग थांबून म्हणाले, ‘‘ताई, तुमी म्हनला होता, दर रविवारी येनार. म्हनून जाळं घेतलं. उसनं काढून.’’

आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं. मी काहीतरी ‘‘हो मामा, बघतो आम्ही, कामं आली जरा...’’ असं पुटपुटले. ते हसले आणि म्हणाले, ‘‘तुमी नापास.’’

घरी येऊन ही गोष्ट मी माझ्या मैत्रिणीला सांगितली. ही एका आयटी कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे आणि घरातली भाजीसुद्धा एक्सेल शीटमध्ये आणते. मला वाटलं, सहानुभूती मिळेल. तिने विचारलं, ‘‘तुमचं टार्गेट काय होतं?’’

‘‘तळं साफ करायचं.’’

‘‘साफ म्हणजे?’’

‘‘साफ म्हणजे साफ गं!’’

‘‘हे टार्गेट नाही,’’ ती म्हणाली, ‘‘ही इच्छा आहे.’’

बोलती बंद.

मग तिनेच मला गणित घालून दाखवलं. अनुकूल हवा आणि भरपूर खाद्य मिळालं तर जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. समजा, एका कोपऱ्यातली नव्वद टक्के काढली आणि दहा टक्के राहिली. दोन आठवड्यांनी वीस, चारांनी चाळीस, सहांनी ऐंशी. आठव्या आठवड्यात जागा पुरत नाही. म्हणजे तीन तास घाम गाळून आपण फक्त दोन महिने मागे गेलो. शिवाय ती मुळं रोवून एका जागी बसत नाही, तरंगते. वारा फिरला की पलीकडच्या काठावरची आपल्याकडे. आणि तिचं बी तळाच्या गाळात पंधरा-वीस वर्षंही जिवंत राहू शकतं. म्हणजे आज ज्या बाळाचं बारसं झालं, ते कॉलेजात जाईपर्यंत बी वाट बघत बसणार. आहे की नाही पेशन्स?

मूळची ही बाई दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. फुलांच्या मोहापायी माणसानेच तिला जगभर नेलं. आपल्याकडे ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालात पोहोचली, शोभेची म्हणून. आणि मग तिने असे नद्या-नाले व्यापले की तिचं नाव पडलं ‘टेरर ऑफ बेंगॉल’. भातशेतीत घुसली, होड्या अडवल्या. शेवटी १९३६ मध्ये बंगालात चक्क जलपर्णीविरुद्ध कायदा झाला. आपल्या जागेत ती ठेवायची नाही, आणि काढायला हातभार लावायचा. १९३७ च्या निवडणुकीत पक्षांनी जाहीरनाम्यात तिचा नायनाट करण्याची आश्वासनं दिली. १९३९ मध्ये सरकारने ‘जलपर्णी सप्ताह’ही पाळला. सप्ताह! आमच्या रविवारांचे थोरले बंधूच म्हणायचे.

अमेरिकेची कथा त्याहून भारी. लुईझियानातल्या नद्या जलपर्णीने तुंबल्या, म्हणून १९१० मध्ये रॉबर्ट ब्रूसार्ड नावाच्या तिथल्या खासदाराने काँग्रेसमध्ये विधेयक आणलं, की आफ्रिकेतून पाणघोडे आणू. ते जलपर्णी खातील, आणि आपण पाणघोडे खाऊ. मांसटंचाईही सुटेल! सुदैवाने ते विधेयक पास झालं नाही. नाहीतर आज जलपर्णीसोबत पाणघोड्यांवरही कॉलम लिहावा लागला असता.

पाणघोडे नाही, पण किडे मात्र आले. दक्षिण अमेरिकेत जलपर्णीवरच जगणारे नियोकेटिना जातीचे सोंडवाले छोटे भुंगेरे आपल्याकडे १९८० च्या दशकात बंगळुरूच्या आसपास पहिल्यांदा सोडले गेले. काही तळ्यांत त्यांनी छान काम केलं. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातही १९९० च्या दशकाच्या शेवटी त्यांचा मोठा उपयोग झाला. पण पुढे तिथे जलपर्णी परत पसरली. कारण सरळ आहे. पाण्यात सांडपाणी आणि खतं येतच राहिली, तर जलपर्णी वाढते तिचं पोट भरतंय म्हणून. नत्र आणि स्फुरद हे तिचं पंचपक्वान्न, आणि ते आपणच पाइपातून वाढतोय. पाहुणीने जावं असं वाटत असेल, तर आधी पंगत उठवायला हवी ना?

झालं. मैत्रिणीने हुकूम सोडला, ‘‘सगळ्यांना एकत्र बोलाव. तळं ज्यांचं आहे त्या सगळ्यांना.’’

एप्रिलमध्ये आमच्या गच्चीवर मीटिंग झाली. वॉक घेणाऱ्या काकू आल्या, सोसायटीचे चेअरमन आले, पक्षीकाका आले (खरं नाव सगळे विसरलेत, गळ्यात कायम दुर्बीण), आमचा ग्रुप आला आणि मामाही आले. अजेंडा एकच. साफ म्हणजे काय?

आणि मंडळी, इथे गंमत सुरू झाली. काकूंना वास आणि डास नको होते. मुद्दा बरोबर, कारण जलपर्णीच्या मुळांना चिकटून वाढणाऱ्या डासांच्या अळ्याही असतात. चेअरमनसाहेबांना ब्रोशरसारखं निळं पाणी हवं होतं, काठाला पेव्हर ब्लॉक लावून. मामांना जाळं टाकायला मोकळी जागा हवी होती, पण सगळं तळं नको. ‘‘थोडा पाला ऱ्हाऊ द्या, चिलापी आडोशाला येती.’’ आणि पक्षीकाका तर पेव्हर ब्लॉक शब्द ऐकूनच उभे राहिले.

‘‘तुम्ही जानेवारीत जलपर्णीबरोबर काठावरचं पाणकणीसही उपटलंत, माहितीये?’’ काका म्हणाले. ‘‘ते इथलंच आहे. त्यात जांभळी पाणकोंबडी घरटं करते. हिरवं दिसलं की उपट, असं नसतं बाळांनो.’’

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आम्हाला खरंच माहीत नव्हतं. आम्हाला वाटलं होतं, आम्ही एक्स्ट्रा काम केलं.

मग प्रश्न आला, बाहेरचं तेवढं वाईट का? मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणाले, तर काकांनी मामांच्या चिलापीकडे बोट दाखवलं. चिलापी म्हणजे तिलापिया. मूळची आफ्रिकेतली, भारतात १९५२ मध्ये आणलेली. आणि काठावरची गुलाबी फुलांची बेशरम? तीही अमेरिका खंडातली. (नाव मात्र अस्सल मराठी आणि समर्पक. तोडा, पुन्हा येते.) परकं असणं हा गुन्हा नाही. एकट्यानेच सगळी जागा, सगळा उजेड, सगळा प्राणवायू घेऊन टाकणं हा आहे. जलपर्णीचा गालिचा जाड झाला की खाली ऊन पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात.

कुणीतरी औषध फवारायची आयडिया काढली. एका दिवसात काम खल्लास! पण फवारलेली जलपर्णी हवेत विरून जात नाही. ती तिथेच मरते, बुडते, कुजते. कुजताना उरलासुरला प्राणवायू खाते आणि तळाच्या गाळात पुढच्या पिढीसाठी खत होऊन बसते. शिवाय त्याच पाण्यातले मासे मामा बाजारात नेणार. आयडिया कॅन्सल.

रात्री साडेदहाला, तीन थर्मास चहानंतर, आमचा केआरए ठरला. ‘जलपर्णीमुक्त तळं’ हा शब्दच मैत्रिणीने खोडला. ‘मुक्त’ हे आपल्या हातात नाही, ‘आटोक्यात’ आहे. मग तीन गोष्टी लिहिल्या.

एक. घाटापासून वडापर्यंतचं पाणी ऑक्टोबर ते मे मोकळं ठेवायचं. मोकळं म्हणजे शंभर चौकोनांपैकी जास्तीत जास्त वीस हिरवे. हे चौकोन कसले? दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, देवळाच्या त्याच पायरीवरून, त्याच दिशेने मोबाइलवर फोटो काढायचा. त्यावर दहा बाय दहाची जाळी टाकायची आणि चौकोन मोजायचे. यात मत नाही, मूड नाही. चौकोन खोटं बोलत नाही.

दोन. तळ्यात घाण पाणी कुठून येतं ते शोधायचं, आणि वर्षभरात निदान एक तोंड बंद करायचं.

तीन. पश्चिमेच्या काठाला हात लावायचा नाही. ते पाणकणीस पक्ष्यांचं. पावसाळ्यात, घरटी असताना, तिकडे फिरकायचंही नाही.

एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी भव्यदिव्य निघेल. पण मामांनी पहिल्यांदाच मान डोलावली.

दुसऱ्या कलमाचं काम मे महिन्यात सुरू केलं. काठाकाठाने चालत गेलो. तीन पाइप सापडले. तिसऱ्याचा माग काढत काढत वर आलो, तर तो निघाला आमच्याच सोसायटीतून. आमच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा पंप बंद पडलेला होता आणि सगळं थेट तळ्यात. म्हणजे रविवारी सकाळी मी जी जलपर्णी ओढत होते, तिला आठवडाभर जेवायला मीच घालत होते. त्या दिवशी मिसळ खावीशी वाटली नाही.

सर्वसाधारण सभेत मोठं वादळ झालं. ‘‘बाकीचे सोडतात, मग आपणच का?’’ हे वाक्य मी एका संध्याकाळी सात वेळा ऐकलं. शेवटी महिन्याचा मेंटेनन्स दोनशे रुपयांनी वाढला आणि पंप दुरुस्त झाला. दोनशे रुपये. दोन कॉफींचेही नाहीत हो.

पावसाळ्यात तळं ओसंडून वाहिलं आणि बरीचशी जलपर्णी वाहून गेली. पूर्वी आम्ही यालाच ‘निसर्गाने साफ केलं’ म्हणायचो. आता कळतं, ती गेली खालच्या गावाकडे. खरी संधी पाऊस संपल्यावर असते. ऑक्टोबरमध्ये जेव्हा रोपं लहान, विरळ आणि हलकी असतात, तेव्हा दहा जणांचं काम साठ जणांइतकं होतं. मार्चपर्यंत थांबलात की संपलं. वजनाच्या नव्वद टक्क्यांहून जास्त तर पाणीच असतं तिच्यात. ते वाहून नेता नेता कंबर जाते.

मामांनी एक युक्ती केली. जाड दोरखंडाला रिकामे प्लॅस्टिकचे कॅन बांधले आणि घाटापासून वडापर्यंत पाण्यावर ताणले. वाऱ्याने पलीकडची जलपर्णी आली की दोरापाशी अडते. काढलेली रोपं आता आम्ही काठावर ढीग लावून ठेवत नाही, कारण तिथे कुजली की पहिल्या पावसात सगळं खाद्य परत पाण्यात. ती लांब नेऊन खड्ड्यात खत करतो. हे खत भाजीला मात्र घालत नाही. जलपर्णी पाण्यातले जड धातू शोषून घेते, आणि आपल्या शहराच्या पाण्यात काय काय असतं ते देव जाणे. रस्त्याकडेच्या झाडांना ठीक.

गुवाहाटीजवळच्या दीपोर बील इथे मुलींनी जलपर्णीपासून योगा मॅट बनवल्याची बातमी २०२१ मध्ये आली होती. ती ग्रुपवर टाकून कुणीतरी विचारलंच, आपणही स्टार्टअप करायचं का? मैत्रिणीचं उत्तर, ‘‘चांगलंच आहे. पण मग तुला जलपर्णी कायम लागेल. केआरए बदलू का?’’ सगळे गप्प.

आता हा मार्च. वर्ष संपलं. अप्रेझल.

पहिलं कलम : ऑक्टोबरला बारा चौकोन हिरवे, नोव्हेंबरला चौदा, डिसेंबरला सतरा, जानेवारीला एकोणीस. फेब्रुवारीत लग्नसराई आणि डेडलाइन्स, आलो फक्त चौघं. मार्चच्या पहिल्या तारखेला चौकोन मोजले, एकतीस. टार्गेट हुकलं. दुसरं कलम : तीनपैकी एक पाइप बंद. टार्गेट गाठलं, पण दोन अजून वाहताहेत. तिसरं कलम : शंभर टक्के. काहीही न करणं एवढं अवघड असतं, हे मला माहीत नव्हतं.

हे सगळं कागदावर लिहून परवा मामांकडे घेऊन गेले. ते दोराच्या अलीकडे ट्यूबवर बसून जाळं सोडवत होते. तेच निळं जाळं, आता रंग उडालेलं. जाळ्यात सहा-सात चिलाप्या. कागद त्यांनी माझ्याकडूनच वाचून घेतला.

‘‘एकतीस म्हंजे जास्त झाले का?’’

‘‘हो मामा. वीसच्या आत हवे होते.’’

‘‘खरं लिवलंय ना पन?’’

‘‘हो.’’

‘‘मग ढकलून पास,’’ ते म्हणाले. आणि जरा थांबून, ‘‘ह्या रविवारी येनार का?’’

जिभेवर ‘दर रविवारी’ आलंच होतं. गिळलं.

‘‘पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी येऊ मामा. दहा जण. सात ते नऊ.’’

‘‘बरं,’’ ते म्हणाले आणि पुन्हा जाळ्याकडे वळले.